आयत्या वेळच्या विषयांचे शहर

पुण्यात बोलणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. ऐकून घेणाऱ्यांची खुर्ची मात्र जवळजवळ चार वर्षे रिकामी होती. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात रेंगाळले, सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये निवडणुका घ्याच असे बजावावे लागले आणि अखेर 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले. मधल्या काळात आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा, स्थायी समिती म्हणून तो तपासायचा आणि मुख्य सभा म्हणून त्यावर मंजुरीची मोहोर उठवायची, ही तिन्ही कामे एकच अधिकारी करत होता. विक्रम कुमार गेले, राजेंद्र भोसले आले, मग नवल किशोर राम. माणसे बदलली, व्यवस्था तीच राहिली. 2025-26 चे 12 हजार 618 कोटींचे अंदाजपत्रकही असेच, लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसाच्या मताशिवाय ठरले.

या काळात पुणेकरांना नगरसेवक नव्हते असे कुणी म्हणू नये. चौकाचौकांत फ्लेक्सवर 'माजी' होते आणि 'भावी' होते. 'आजी' तेवढा कुणी नव्हता. याची किंमत कुणी मोजली तेही पाहू. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्याच्या विसर्गाचे पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले. पूर्वसूचना मिळाली नाही, ही रहिवाशांची पहिली तक्रार होती. दिवस उजाडल्यावर सगळ्या पक्षांचे नेते गुडघाभर पाण्यात उभे राहून छायाचित्रांत आले, पण त्या सोसायट्यांच्या वतीने सभागृहात उभे राहून जाब विचारण्याचा हक्क त्यांपैकी कुणालाच नव्हता, कारण सभागृहच नव्हते. पुढे जानेवारी 2025 मध्ये त्याच पट्ट्यात नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण आढळू लागले आणि पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवले गेले. यातली बरीचशी वस्ती 30 जून 2021 रोजी महापालिकेत आलेल्या 23 गावांतली. गाव शहरात आले तेव्हा ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला. नगरसेवक मिळायच्या आतच सभागृहाची मुदत संपली. कर शहराचा, पाणी विहिरीचे आणि गाऱ्हाणे सांगायला क्षेत्रीय कार्यालयातला अभियंता, अशी या लोकांची साडेचार वर्षे गेली.

आता सभागृह आले आहे. 41 प्रभाग, 165 नगरसेवक, भाजपचे स्पष्ट बहुमत. त्यामुळे लोकप्रतिनिधी आणि नागरिक यांच्यातला तुटलेला संवाद पुन्हा सुरू होईल, असे स्वागतपर लेखांत म्हटले जात आहे. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. पुन्हा सुरू व्हायला तो आधी चालू असावा लागतो. 2022 पूर्वी पुण्यात नगरसेवक होते, कार्यकर्तेही होते आणि दोघे भरपूर बोलतही होते. पण हे बोलणे बहुतेक वेळा ठराव झाल्यानंतरचे असे.

महापालिकेचे कामकाज ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना 'आयत्या वेळचे विषय' हा प्रकार ठाऊक आहे. विषयपत्रिकेवर नसलेला विषय सभा संपत आली की टेबलावर येतो, कुणीतरी 'मंजूर, मंजूर' म्हणते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचून कार्यकर्ते माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसतात. अर्जाचे उत्तर येईपर्यंत निविदा निघालेली असते. मग पत्रकार परिषद, मग मोर्चा, मग उच्च न्यायालय किंवा हरित न्यायाधिकरण. शहराच्या मोठ्या प्रश्नांवरचे संभाषण असे वकिलांच्या तोंडून, तारखांच्या हिशेबाने चालते.

मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठाच्या विकसनाचा प्रकल्प घ्या. मार्च 2022 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले, बंडगार्डनच्या बाजूने काम सुरू झाले आणि झाडांवर कुऱ्हाड येणार हे दिसल्यावर एप्रिल 2023 मध्ये हजारो पुणेकर 'चिपको' म्हणत नदीकाठी जमले. त्याच महिन्यात वेताळ टेकडीसाठीही असाच मोठा मोर्चा निघाला होता. या टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा वाद तर आज मोर्चात चालणाऱ्या अनेकांच्या जन्माआधीचा. नदीचा प्रकल्प चांगला की वाईट, रस्ता हवा की नको, हा आजचा विषय नाही. पूररेषा, झाडे, भूजल यांबद्दलचे प्रश्न आराखडा कागदावर असतानाच विचारता आले असते. तेव्हा विचारले असते तर उत्तर म्हणून रेघ सरकवता आली असती. ठेकेदाराचे यंत्र नदीत उतरल्यावर महापालिकेच्या बाजूने बोलायला फक्त समर्थन उरते आणि कार्यकर्त्यांच्या बाजूने फक्त विरोध.

बरे, आधी विचारले तरी काय होते? जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर 2013 मध्ये हरकती-सूचना मागवल्या, तेव्हा 80 हजारांहून अधिक आल्या. एवढ्या लोकांनी नकाशा उघडला, आपल्या गल्लीवरचे आरक्षण शोधले, अर्ज लिहिला, टिळक रस्त्यापासून हडपसरपर्यंतची माणसे सुनावणीला जाऊन बसली. देशातल्या कोणत्याही शहराने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट होती. पुढे नियोजन समितीतच मतभेद झाले, सभागृहाने वेळेत निर्णय घेतला नाही आणि 2015 मध्ये राज्य सरकारने आराखडा आपल्या हाती घेतला. आपल्या हरकतीचे नेमके काय झाले, हे त्या अर्जदारांपैकी किती जणांना कळले असेल? 'हरकती मागवल्या' असे नोंदवले की कायद्याचे समाधान होते, पण ज्याने रजा टाकून सुनावणीची दोन मिनिटे मिळवली तो पुढच्या वेळी येत नाही.

खरे तर कायद्यात यापेक्षा चांगली तरतूद आहे आणि पुण्याला ती नव्याने शोधण्याची गरज नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात या समित्यांवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची सोय आहे. 2009 च्या दुरुस्तीने आणखी एक पायरी खाली जाऊन क्षेत्रसभा आणली. काही मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार सभासद आणि नगरसेवक अध्यक्ष. गावात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा. ही दुरुस्ती काही लोकशाहीच्या उमाळ्यातून झाली नव्हती. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाचा केंद्राचा पैसा हवा असेल तर असा कायदा करा, ही अट होती. पैसा आला, उड्डाणपूल झाले, बसगाड्या आल्या. क्षेत्रसभा कायद्याच्या पुस्तकात राहिली.

प्रभाग समित्यांचे झाले तेही सांगण्यासारखे आहे. पुण्यात क्षेत्रीय कार्यालये 15. म्हणजे एका समितीच्या पोटात दोन लाखांहून अधिक माणसे. एवढ्या लोकसंख्येचे गाव असते तर त्याला स्वतःची महापालिका मागण्याचा मोह झाला असता. संस्थांच्या तीन जागांवर पक्षाच्या कार्यकर्त्यांची वर्णी लागते, ही तक्रारही जुनीच आणि सर्वपक्षीय. त्यात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. सरासरी 80 हजारांवर लोकांचे चार नगरसेवक आणि गटार तुंबले तर ते कुणाचे, हा पहिला प्रश्न. उद्घाटनाला चौघे हजर, तक्रारीला चौघे एकमेकांकडे बोट दाखवणार. क्षेत्रसभेचे अध्यक्षपद चौघांपैकी कुणी कुठे घ्यायचे, हेही याच घोळात लोंबकळत राहते. केरळने 1990 च्या दशकात लोकनियोजनाची मोहीम चालवली तेव्हा सभेला अधिकाराबरोबर निधीही दिला. पुण्यात निधी 'स' यादीत असतो आणि सभा कुठेच नसते.

'स' यादी म्हणजे नगरसेवकाने सुचवलेल्या कामांची यादी. मार्च जवळ आला की तिच्या वर्गीकरणाचे प्रस्ताव पावसासारखे पडतात. पदपथासाठी ठेवलेला पैसा बाकड्यांना, बाकड्यांचा कमानीला. शहरभर याची साक्ष उभी आहे. बसथांब्यामागे, मंदिराशेजारी, सोसायटीच्या फाटकाबाहेर स्टीलचे बाकडे, त्याच्या पाठीवर नाव आणि नावाआधी 'संकल्पना' असा शब्द. बाकडे मांडायला संकल्पना लागते हे पुण्यानेच जगाला दाखवले! त्या बाकड्यावर बसणाऱ्या आजोबांना कुणी विचारले असते तर त्यांनी कदाचित समोरचा रस्ता ओलांडायला दिव्यावर दहा सेकंद जास्त मागितले असते.

विचारण्याचा एक प्रयोग पुण्याने देशात बराच आधी केला होता, हे नव्या नगरसेवकांपैकी अनेकांना माहीत नसेल. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 मध्ये नागरिकांना अंदाजपत्रकात बसवले. पुणे महापालिकेने 2006 मध्ये तीच कल्पना आपल्या पद्धतीने घेतली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा, आपल्या भागातले पाच लाखांपर्यंतचे काम सुचवायचे, प्रभागाच्या ठराविक रकमेत ते बसवायचे. सुरुवातीला बैठका झाल्या, संस्थांनी वस्त्यांत जाऊन अर्ज भरून घेतले. पुढे बैठका विरल्या आणि अर्ज उरला. आपले काम घेतले की नाही हे कळायला अंदाजपत्रकाचे पुस्तक चाळायचे, नाकारले असेल तर कारण शोधत फिरायचे. एक चांगली योजना अशी न मारता मरू दिली गेली. सभागृहातल्या कोणत्याही पक्षाला तिच्यासाठी गळा काढावासा वाटला नाही.

दोष सगळा राजकारण्यांच्या पदरात टाकून कार्यकर्त्यांना मोकळे सोडणेही बरोबर नाही. पुण्याची नागरी चळवळ अभ्यासू आहे. महापालिकेतल्या अनेक अधिकाऱ्यांपेक्षा कायदा तिला जास्त पाठ आहे. सजग नागरिक मंचासारख्या गटांनी कागदपत्रे बाहेर काढली नसती तर कित्येक गोष्टी फायलीतच राहिल्या असत्या. पण या चळवळीच्या बैठकांना कोण येते? कोथरूड, औंध, बाणेर, प्रभात रस्ता. निवृत्त अभियंते, प्राध्यापक, वास्तुरचनाकार. सादरीकरण बहुतेक इंग्रजीत. जनता वसाहतीतली, येरवड्याच्या लक्ष्मीनगरमधली, दांडेकर पुलाजवळची बाई त्या बैठकीत क्वचितच असते. तिचे घर ओढ्याकाठी आहे. तिला ओढा रुंद व्हायला हवा आणि घरही राहायला हवे. जून 2021 मध्ये, ऐन पावसाळ्यात, आंबिल ओढ्याकाठची घरे पाडली गेली तेव्हा हा पेच उघडा पडला. नगरसेवक या बाईच्या दारी जातो, भले मतासाठी जातो, पण जातो. 'तुम्ही कुणाचे प्रतिनिधी?' असे तो कार्यकर्त्यांना उर्मटपणे विचारतो तेव्हा त्याचा सूर चुकीचा असतो, प्रश्न चुकीचा नसतो.

ही दोन्ही टोके जोडणारी माणसे याच शहराने पाहिली आहेत. महात्मा फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असे सांगून त्यांनी एकट्याने विरोधात मत दिले. प्रस्ताव मंजूरच झाला. पण आज त्या सभेतले एकच मत लोकांच्या लक्षात आहे. 8 डिसेंबर 2025 रोजी, म्हणजे या निवडणुकीच्या तोंडावर, ज्यांना आपण निरोप दिला ते डॉ. बाबा आढावही एकेकाळी याच महापालिकेत नगरसेवक होते. सभागृह आणि रस्ता यांत त्यांनी कधी भिंत मानली नाही.

बाबांच्या पुढाकाराने 1993 मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीकडे या दृष्टीने पाहावे. कचरा वेचणाऱ्या बायका महापालिकेच्या दारात गेल्या. सर्वांत आधी त्यांनी ओळखपत्र मागितले, कारण रस्त्यावर पोलीस आणि सोसायटीत रखवालदार दोघेही त्यांना चोर समजत. ओळखपत्र मिळाले. मग ओला-सुका वेगळा करण्याचा, दारोदार गोळा करण्याचा हिशेब मांडला गेला आणि त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, महापालिकेशी करार झाला. करार संपत आला की ठेकेदारांची नावे पुढे येतात, पुन्हा आंदोलन होते, पुन्हा मुदतवाढ मिळते. सुरळीत काहीच चालत नाही. तरी हे पुण्यातले सर्वांत यशस्वी संभाषण म्हणावे लागेल, कारण त्याचा शेवट सह्या केलेल्या कागदात झाला आणि बोलणाऱ्यांच्या हातात काहीतरी पडले. चहा-बिस्किटांवर संपणाऱ्या संवाद-कार्यक्रमांनी पुण्यात आजवर एक खड्डाही बुजवलेला नाही.

म्हणून नव्या सभागृहाकडून मोठमोठ्या घोषणांची अपेक्षा नाही. राज्य सरकार आणि महापालिका यांनी मिळून क्षेत्रे निश्चित करावीत आणि चार नगरसेवकांत ती वाटून द्यावीत. प्रत्येक क्षेत्रसभेची तारीख क्षेत्रीय कार्यालयाच्या फळ्यावर लागावी, ठराव मराठीत लिहून आठवड्यात जाहीर व्हावेत. 'स' यादीतले एकही काम क्षेत्रसभेच्या ठरावाशिवाय घेऊ नये आणि वर्गीकरणाचा प्रस्ताव त्याच सभेत आधी मांडावा. ठराविक रकमेच्या वरचा कोणताही प्रकल्प आयत्या वेळचा विषय म्हणून येणार नाही, असा नियम मुख्य सभेने स्वतःवर घालून घ्यावा. बहुमत पक्के असलेल्या पक्षाला यात भीती वाटण्याचे कारण नाही. सभागृहात विरोधक थोडे आहेत म्हणूनच बाहेरच्यांचे ऐकण्याची सोय असायला हवी. संस्थांनीही पुढची बैठक एरंडवण्याऐवजी धायरीत किंवा येरवड्यात घ्यावी.

राहिले आपण मतदार. प्रभागात आपले चार नगरसेवक आहेत. चौघांनाही स्वतंत्र पत्र लिहून एवढेच विचारा, 'आमच्या भागाची क्षेत्रसभा कोणत्या तारखेला आहे?' पत्र संपर्क कार्यालयात हाती द्या, प्रत क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि दोन्हीकडून शिक्क्याची पोच घ्या. ती जपून ठेवा.