शुक्रवारचे विधेयक

नरकचतुर्दशीच्या पहाटे कोकणात तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फुटते आणि मग पोह्यांची पंगत बसते. मुंबईहून गावी निघालेल्या कुणाच्या तरी पिशवीतून हा अंक त्या ओटीवर पोचतो, याचे आम्हाला दरवर्षी अप्रूप वाटते. यंदा लिहायला बसलो आणि त्याच किनाऱ्यावरचे, वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै डोळ्यांपुढे आले.

जन्म २५ सप्टेंबर १९२२. लंडनला कायदा शिकून ते बॅरिस्टर झाले, पण जीव रमला राजकारणात. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूरने त्यांना लोकसभेत पाठवले. मुंबईच्या मनिऑर्डरीकडे डोळे लावून बसलेला तो मतदारसंघ. त्यांच्या वक्तृत्वावर पुष्कळांनी लिहिले आहे. मला त्यांच्या एका विधेयकाबद्दल लिहायचे आहे.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निकाल दिला: घटनादुरुस्ती करूनही संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही. ७ एप्रिलला, शुक्रवारी, नाथ पैंनी लोकसभेत विधेयक आणले, की घटनेतले कोणतेही कलम दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला असावा. मंत्री नसलेल्या खासदारांच्या विधेयकांसाठी शुक्रवारचे अडीच तास राखलेले असतात. त्या वाटेने गेलेल्या विधेयकांपैकी आजवर अवघ्या १४ विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७० साली.

त्यांच्या प्रजासमाजवादी पक्षाचे तेव्हा १३ खासदार. अधिकार मिळाला असता तर वापरला असता तो समोरच्या बाकांवरच्या काँग्रेसने. हे काय त्यांना कळत नव्हते? तरी ते मागत होते, कारण लोकांनी निवडलेल्या सभागृहाच्या वर कुणी नसावे, अशी या वकिलाची श्रद्धा होती. विरोधी बाकावरून असे मागायला मोठे मन लागते. मला त्यांचे म्हणणे मात्र पुरते पटत नाही. १९७१च्या २४व्या घटनादुरुस्तीने तो अधिकार संसदेला मिळाला, आणि आणीबाणीत ४२वी दुरुस्ती करणाऱ्यांनी तो कसा वापरला हे आपण पाहिले. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने घटनेची मूलभूत चौकट संसदेच्या हातापलीकडे ठेवली, तेही सात विरुद्ध सहा मतांनी. एका मताने वाचलेली ती चौकट मला मोलाची वाटते. तरीही नाथ पैंनी हा वाद लोकांसमोर, उघड सभागृहात घातला, म्हणून तो इतका स्वच्छ झाला.

२७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. तीन आठवड्यांनी, १८ जानेवारीला, बेळगावात नाथ पै गेले. वय ४८. मार्चमधल्या निवडणुकीत राजापूरने मधू दंडवत्यांना निवडून दिले.

वेंगुर्ल्यात, मालवणात, बेळगावात नाथ पैंच्या सभा ऐकलेली माणसे अजून आहेत. त्यांनी आठवेल तसे लिहून पाठवावे, हाताला लिहिवत नसेल तर नातवंडांना सांगावे. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.