वृद्ध अश्वाचे खूर आणि कोकणची हवा

घोडा उतारवयाला लागला की त्याच्या खुरांवर केलेला खर्च पाण्यात गेला असे समजावे, आणि त्यातून तो मालवणच्या दमट किनाऱ्यावर बांधलेला असेल तर मग विचारूच नये, असा अभिप्राय इकडे सर्रास ऐकू येतो. घोड्याचा पाय आयुष्यात एकदाही उचलून न पाहिलेली मंडळी तो विशेष अधिकारवाणीने देतात.

कोकण हा घोड्याचा मुलूखच नव्हे, या पहिल्या आक्षेपाचे निरसन इतिहासाच्या दप्तरातच आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजीमहाराजांनी चिपळूणनजीक हलवर्णच्या छावणीतील अंमलदारांस धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. घोडदळाची पावसाळी छावणी कोकणातच होती, आणि महाराजांची चिंता दाणावैरण बेताने खर्चून पावसाच्या अखेरीपर्यंत पुरविण्याची होती. खूर कुजतात हे मान्य. पण आभाळातल्या पाण्यापेक्षा ठाणावर साचलेल्या लिदीने आणि मूत्राने ते अधिक कुजतात. पाय उचलून आकडीने तळ कोरला आणि तळाच्या मधोमध असलेल्या मऊ त्रिकोणी गादीच्या खाचेतून काळपट, दुर्गंधी लगदा निघाला, म्हणजे दोष हवेच्या नव्हे, मोतद्दाराच्या माथी मारावा. उपायही साधाच आहे: ठाण उंच व कोरडे करावे, रोज तळ कोरून पुसून घ्यावा, आणि मोरचुदाचे द्रावण वापरायचेच तर सौम्य वापरावे, कारण तीव्र द्रावणाने जिवंत भाग भाजतो.

वार्धक्यात खूर सुधारत नाही, हा दुसरा आक्षेप अधिक घातक, कारण तो आळसाला शास्त्राची झूल चढवतो. खुराची भिंत महिन्याकाठी साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते आणि पुढच्या बाजूस वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत पोचायला ९ ते १२ महिने लागतात. वयपरत्वे ही गती मंदावते, थांबत नाही. तेव्हा मृगात आरंभिलेल्या उपचाराचा निकाल दिवाळीत मागणाऱ्याने घोड्याला नव्हे, स्वतःच्या उतावीळपणाला दोष द्यावा. घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण म्हाताऱ्या घोड्याला खुंट्याला दिवसभर जखडून ठेवणाऱ्यांना ते आठवत नाही. वाळूवरून अगर मऊ जमिनीवरून हळू फिरविल्याने खुरातील रक्ताभिसरण वाढते. मात्र पाय दुखत असता फिरविणे ही क्रूरताच.

सर्वांत अनर्थकारक म्हणजे अशक्तपणा आला म्हणून गूळ आणि दाणा वाढविण्याची माया. पंधरा वर्षांपुढील घोड्यांत पीयूषिका ग्रंथीचा एक विकार वारंवार आढळतो: अंगावरचे केस ऐन वैशाखातही झडत नाहीत, मांस उतरते, आणि खुराच्या आतील पडद्यांस दाह होतो. अशा घोड्याला शर्करा व धान्य म्हणजे विषच. तो पुढचे पाय लांबवून भार टाचांवर घेऊ लागला, खूर हाताला ऊन लागला, की खोबरेल चोपडीत न बसता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा आणि रक्त तपासून घ्यावे.

खरी अडचण एकच, आणि तिच्याविषयी आक्षेपक चकार शब्द काढीत नाहीत: जाणता नालबंद इकडे सहसा मिळत नाही. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून कानशीने समतोल करायचे असतात. त्यासाठी पाच-सहा मालकांनी वर्गणी करून घाटावरचा नालबंद ठरावीक मुदतीने बोलवावा. नाल न ठोकताही पुष्कळ म्हातारे घोडे वाळूत सुखाने चालतात. जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर चालणाऱ्यांचा निर्णय मात्र त्यानेच तळ पाहून करावा.