चालायला जा म्हणणे आणि चालायला नेणे

नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला घरात, कचेरीत आणि लग्नकार्यात सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागणारा सल्ला म्हणजे सकाळी लवकर ऊठ, चालायला जा, कशात तरी मन गुंतव. या सल्ल्याविषयी मराठी सुशिक्षितांत दोन परस्परविरोधी मते रूढ आहेत. पहिल्या मतानुसार एवढे केले की नैराश्य पळते आणि ज्याचे पळत नाही त्याने ते मनापासून केलेले नसते. दुसऱ्या मतानुसार नैराश्य हा मेंदूतील रसायनांचा बिघाड असून गोळी हाच त्यावरचा उपाय आहे, चालणे-फिरणे ही केवळ समजूत घालण्याची भाषा आहे. ही मते एकमेकांविरुद्ध उभी दिसत असली तरी त्यांचे मूळ एकच आहे, कारण सवय ही एकट्या माणसाच्या इच्छाशक्तीतून निघते हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की दिनचर्येतील सवयी हा नैराश्यावरील खराखुरा उपचार आहे, मात्र त्या रुग्णाने एकट्याने लावून घ्यायच्या नसतात, दुसऱ्या कोणी तरी त्याच्यासह लावायच्या असतात. तो दुसरा माणूस वजा केला की हाती केवळ उपदेश उरतो.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. परीक्षेतील अपयशाने किंवा आप्ताच्या मृत्यूने येणारे दुःख आणि वैद्यकाच्या अर्थाने नैराश्य या निराळ्या गोष्टी आहेत. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे ही अवस्था किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच काळ टिकते, तिच्यासोबत झोप, भूक, एकाग्रता आणि हालचाल बिघडते, अपराधी वाटू लागते आणि नेहमीची कामे अडतात, तेव्हा तिला नैराश्याचा आजार म्हणतात. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण मनाची तक्रार सांगतच नाहीत. अंग मोडून येते, डोके जड होते, जेवण जात नाही, असे ते सांगतात आणि ताकदीचे इंजेक्शन घेऊन परत जातात.

या लक्षणांकडे नीट पाहिले की पहिल्या मताचा पाया खचतो. आवडीच्या गोष्टीतूनही आनंद न मिळणे, म्हणजे सुखास्वादाचा लोप, हे या आजाराचे गाभ्याचे लक्षण आहे. त्यामुळे ‘मन रमव’ असे सांगणे म्हणजे जे इंद्रिय निकामी झाले आहे त्याच इंद्रियाने काम करायला सांगणे होय. पहाटे उठण्याच्या सल्ल्यातील क्रौर्य तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तीव्र नैराश्याच्या एका प्रकारात माणूस नेहमीच्या वेळेच्या दोन-तीन तास आधीच जागा होतो आणि दिवसातील सर्वांत जड घटका त्याला सकाळीच सोसावी लागते. जो पहाटे तीनपासून डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत पडला आहे त्याला सहा वाजता ‘आळस सोड’ असे सांगितले जाते. तो उठू शकत नाही आणि न उठल्याचा दोष स्वतःच्या माथी घेतो. अपराधभाव हेही आजाराचेच लक्षण असल्याने सल्ल्याने दुखण्यात भर पडते. मधुमेह्याला ‘मनावर घे म्हणजे साखर उतरेल’ असे कोणी म्हणत नाही, आणि नैराश्याच्या रुग्णालाही ते म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

दुसरे मत अधिक शास्त्रीय वाटते आणि त्यात तथ्यही आहे. मध्यम व तीव्र नैराश्यात औषधांचा उपयोग होतो, त्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटताच ती परस्पर बंद करणे धोक्याचे असते, हे स्पष्टपणे सांगायला हवे. हरकत आहे ती ‘गोळी हाच उपाय’ यातील ‘च’ला. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास 1978 साली ग्रंथरूपाने मांडला. मोठा आघात झालेल्या स्त्रियांपैकी ज्यांना मनातले सांगण्याजोगे जवळचे माणूस नव्हते त्यांना नैराश्य येण्याचा संभव अधिक असल्याचे त्यात दिसले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल यांनी पन्नाशीपुढील 156 रुग्णांवर केलेला प्रयोग 1999 साली प्रसिद्ध झाला. त्यात 16 आठवड्यांच्या अखेरीस व्यायाम करणारे आणि सर्ट्रालीन हे औषध घेणारे यांच्या सुधारणेत लक्षणीय फरक आढळला नाही. व्यायामाचे समर्थक हा दाखला हमखास देतात, मात्र तो व्यायाम आठवड्यातून तीनदा, गटात आणि देखरेखीखाली होत होता हे सांगायचे राहून जाते. त्या फायद्यात व्यायामाचा वाटा किती आणि सोबतीचा किती, हे त्या प्रयोगाच्या रचनेतून वेगळे काढता येत नाही.

दोन्ही मतांना खरे उत्तर गोव्याने दिले आहे. तेथील ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील 495 रुग्णांबाबत केलेली चाचणी 2017 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आली. नैराश्य मध्यम-तीव्र ते तीव्र असलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना केंद्रातील सुधारित नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याच उपचारांच्या जोडीला सहा ते आठ बैठकी मिळाल्या आणि त्या घेणाऱ्यांजवळ मानसोपचाराची पदवी नव्हती, ते खास प्रशिक्षण दिलेले सामान्य समुपदेशक होते. तीन महिन्यांनी बैठकी मिळालेल्यांपैकी 64 टक्के आणि इतरांपैकी 39 टक्के रुग्ण आजारातून बाहेर आलेले होते. बैठकींचा हा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता.

त्या बैठकींत जे चालत होते त्याला वर्तन-सक्रियीकरण म्हणतात. चार्ल्स फर्स्टर यांनी 1973 साली आणि त्याच दशकात पीटर ल्युइनसन यांनी मांडलेला हा विचार साधा आहे. मन खचले की माणूस कामे आणि माणसे टाळतो. टाळल्यामुळे समाधानाचे छोटे छोटे प्रसंग आटतात, ते आटले की मन आणखी खचते आणि रिकाम्या वेळात विचारांचा रवंथ सुरू होतो. या चक्रात मनापासून आत शिरता येत नाही, कृतीपासून शिरता येते. उत्साह आल्यावर काम करायचे हा निरोगी माणसाचा क्रम आहे, रुग्णाला तो उलटा करावा लागतो, म्हणजे आधी ठरलेली लहानशी कृती आणि मन मागाहून.

लहानशी म्हणजे किती, हे जवळून पाहण्यासारखे आहे. चार महिने अंथरुणाला खिळल्यासारखी झालेली एखादी गृहिणी कल्पावी. ‘स्वयंपाक सुरू करा’ हे तिच्यासाठी पर्वत चढण्याइतके अवघड असते, कारण त्या तीन शब्दांत भाजी आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत वीस कामे दडलेली असतात. समुपदेशक तिच्याबरोबर बसून ती सुटी करतो. वहीच्या पानावर तीन रकाने आखले जातात, त्यांत वेळ, काम आणि ते करताना मनाला दहापैकी किती गुण, असे लिहायचे असते. पहिल्या आठवड्यात आठ वाजता खिडकी उघडून तिथे बसून चहा घेणे आणि चार वाजता वाटीभर तांदूळ निवडणे एवढेच ठरते. सोमवारी चहासमोर दोन गुण पडतात, मंगळवारी काहीच झालेले नसते. गुरुवारी शेजारीण तांदूळ निवडायला येऊन बसते तेव्हा चार पडतात. या चाराचे मोल मोठे आहे, कारण ‘कशानेच काही होत नाही’ या तिच्या खात्रीला तिच्याच हस्ताक्षरात पहिला छेद गेलेला असतो. मंगळवारच्या कोऱ्या रकान्याबद्दल तिला कोणी बोल लावत नाही, काय आडवे आले ते विचारून काम आणखी लहान केले जाते.

शेजारीण आली म्हणजे नेमके काय झाले? सुरुवात करण्याची जी शक्ती आजाराने हिरावली होती ती तेवढ्या अर्ध्या तासापुरती दुसऱ्याने उसनी दिली. दारात चपला घालून उभा असलेला माणूस ‘चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हणतो तेव्हा रुग्णाला निर्णय घ्यावा लागत नाही, फक्त पाय उचलावे लागतात. चालायला जा म्हणणे आणि चालायला नेणे यांत औषधाचे नाव सांगणे आणि औषध आणून देणे यांच्याएवढे अंतर आहे. झोपेचेही तसेच आहे. ‘वेळेवर झोप’ हा उपदेश झाला, तर रोज ठरलेल्या वेळी उठवणे, दुपारी लांबलेली झोप हळूच मोडणे आणि झोप यावी म्हणून घेतल्या जाणाऱ्या दारूबद्दल न ओरडता बोलणे ही सोबत होय, कारण दारू रात्री गुंगी आणते पण झोप तोडते आणि मन अधिक खचवते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पाण्याच्या घागरी वाहणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बाईला व्यायाम कसला सांगता, असे विचारले जाते. तो सांगूच नये. तिच्या दिवसात श्रम पुरेसे आहेत, स्वतःच्या आवडीचे असे काही मात्र उरलेले नाही. म्हणून तिचा उपचार भजनी मंडळात परत जाणे, माहेरी फोन करणे किंवा दुपारची अर्धा तास विश्रांती असू शकतो, आणि ती तिला मिळावी म्हणून सासूशी व नवऱ्याशी बोलणे हा उपचाराचाच भाग ठरतो. खेड्यातील लोक मनाच्या दुखण्यासाठी पुढे येणार नाहीत, हा दुसरा आक्षेप अमरावती जिल्ह्याने खोडला आहे. ‘विश्राम’ या प्रकल्पात तेथील 30 गावांत गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघरी गेले. त्यानंतर नैराश्याच्या रुग्णांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील सुमारे 85 टक्के नैराश्यग्रस्त उपचारांविना राहत असल्याचे दिसले होते. या दरीत पूल बांधायला केवळ मानसोपचारतज्ज्ञ कधीच पुरे पडणार नाहीत.

या उपचाराच्या मर्यादाही तितक्याच ठामपणे सांगितल्या पाहिजेत. मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला वहीचे रकाने देत बसू नये. त्याला एकटे न सोडता तातडीने डॉक्टरांकडे न्यावे, आणि ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो. मरणाविषयी विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे, स्पष्ट आणि मायेने विचारावे. पूर्वी कधी विलक्षण उत्साहाचा, झोपेची गरजच न वाटण्याचा काळ येऊन गेला असेल तर आजार निराळा असतो आणि औषधेही निराळी लागतात. थायरॉईडची कमतरता आणि रक्तक्षय नैराश्यासारखे रूप घेतात, म्हणून रक्ततपासणी आधी करावी.

राहता राहिला सोबत देणाऱ्याचा प्रश्न, आणि त्याचा विचार आपल्याकडे फारच थोडा होतो. सहा महिने रोज दारात उभे राहणारी व्यक्ती बहुधा घरातील एकच बाई असते. तिचीही झोप उडते, तीही चिडते आणि चिडल्याबद्दल मनात कुढते. म्हणून उपचाराच्या वहीत एक रकाना तिच्यासाठीही आखायला हवा. सोमवार-मंगळवारी थोरल्या जावेने यावे, बुधवारी कॉलेजला जाण्याआधी मुलाने वडिलांबरोबर दूध आणायला जावे, शनिवारी जुन्या मित्राने चहाला बोलवावे आणि रविवारी तिने स्वतः कोणाच्या तरी घरी जाऊन निवांत बसावे, असे वार आधीच वाटून घेतले तर सोबत टिकते आणि तिच्या आधाराने लागलेली सवयही टिकते.