यादी लावताना

प्रवेशाची यादी लागली, की नावापुढे गुण, प्रवर्ग, कधी मोबाइल क्रमांकही! कुणीतरी फोटो काढतो आणि यादी रत्नागिरीहून राजापूर-मंडणगडपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. मग क्लासवाल्यांचे फोन. (नंबर कुठून मिळाला, हे कुणी विचारत नाही.) एप्रिल २०२३ मध्ये एमपीएससीच्या ९० हजारांहून अधिक उमेदवारांची प्रवेशपत्रे टेलिग्रामवर फुटली, तेव्हा राज्यभर ओरड झाली. नोटीस बोर्डावरची गळती मात्र कुणाला खुपत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांच्या डिजिटल माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. अकरावी-बारावीची बहुतेक मुले त्यातच येतात. प्राचार्यांनो, यंदा यादीवर फक्त अर्ज क्रमांक छापा.