"तिला काही सांगू नकोस, तिचं बारावीचं वर्ष आहे"



वरचं वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. कदाचित काल संध्याकाळी तुम्हीच म्हटलंही असेल. पूर्वी ते बारावीपुरतं होतं, मग दहावीला लागू झालं, आता नववीत फाउंडेशन कोर्स लावला की तिथूनच सुरू होतं. मुलगा जेवून उठतो, ताट तिथंच. मुलगी आंघोळ करून येते, ओला टॉवेल पलंगावर. आई मागून उचलत जाते. कुणी काही बोललंच तर उत्तर तयार असतं, "मुलं किती बिझी आहेत बघताय ना!"

आमच्या महिला मंडळाने मध्यंतरी एका क्लासचालकांचं व्याख्यान ठेवलं होतं. माणूस हुशार, बोलणं गोड. त्यांनी सांगितलं की ही दोन वर्षं मुलांच्या डोक्यात अभ्यासाशिवाय दुसरं काहीही येता कामा नये, बाकी सगळं आईने सांभाळायचं. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या निम्म्या जणी रात्री अकराला ओटा पुसतात हे मला ठाऊक आहे. मी टाळी वाजवली नाही, आणि का नाही हे विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी आज लिहिते आहे.

मी १९७९ ची बी.कॉम. नोकरी केली नाही, पण हिशेब सुटला नाही. जमाखर्चाचा पहिला धडा हाच की रक्कम कुणाच्या तरी जमेला पडली तर दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडलेली असते. मुलाचा वेळ वाचला म्हणता, ठीक आहे. तो कुणाच्या नावे लिहिलात?

हे बघण्यासाठी मी आमच्याच घरची रोजकीर्द लिहिली. नात बारावी सायन्सला, नातू नववीत, सून पतसंस्थेत नोकरीला. एक आठवडा वहीत वेळा टिपल्या आणि रोजची सरासरी काढली. नातीची झोप सात तास. क्लास आणि जाणं-येणं साडेसहा तास. घरी बसून अभ्यास चार तास दहा मिनिटं, यात मोबाईलवरचे अभ्यासाचे व्हिडिओही मी अभ्यासातच धरले. आंघोळ-जेवण दोन तास पाच मिनिटं. नुसता मोबाईल दोन तास पन्नास मिनिटं. राहिलेले एक तास पंचवीस मिनिटं कशातच बसेनात, त्यांच्यापुढे मी "असंच" लिहिलं.

आता सूनबाई. सव्वापाचला उठणं, सव्वाअकराला पाठ टेकणं, म्हणजे झोप सहा तास. नोकरी आणि जाणं-येणं आठ तास चाळीस मिनिटं. घरकाम सहा तास वीस मिनिटं, तेही मी दुपारचा स्वयंपाक बघते आणि भांड्याला बाई आहे तरी. मुलांना सोडणं-आणणं एक तास दहा मिनिटं. स्वतःची आंघोळ-जेवण एक तास पंचवीस मिनिटं. मोबाईल पंचवीस मिनिटं, त्यातला बराचसा क्लासच्या ग्रुपवरचे निरोप वाचण्यात. बेरीज बरोबर चोवीस. तिच्या खात्यात "असंच" नावाची ओळच नाही.

तर या घरात बिझी कोण?

माझ्या घरापुरतंच हे आहे असं वाटत असेल तर सरकारी आकडे बघा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं आलं. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा वेळ ९७ मिनिटं. आणि मुळात पुरुषांतले करणारे चौघांत एकच. ही तफावत लग्नानंतर एकाएकी उगवते का? चौदाव्या-पंधराव्या वर्षी ताट न उचलणारा मुलगाच पुढं कुणाचा तरी नवरा होतो.

नातीचा मोबाईल मला खुपत नाही. सतरा वर्षांची पोर आहे, मैत्रिणींशी हसेल, गाणी ऐकेल. सव्वाचार तास मोकळे असताना चाळीस मिनिटांच्या कामाला "वेळच नाही" म्हणतात, ते मला खुपतं. आणि ते पोरगी म्हणत नाही हो, तिच्या वतीने आपण मोठी माणसं म्हणतो.

इथवर कुठलीही आई-आजी लिहील. आता आपल्या घरांपुरतं बोलते, कारण मला जास्त काळजी त्याची आहे.

जैन घरात धर्म मंदिरात जेवढा शिकला जातो त्याहून कितीतरी जास्त स्वयंपाकघरात शिकला जातो. पाठशाळेत मुलं पाठ करतात की मुंगी तीन इंद्रियांची, माशी चार इंद्रियांची. छान. पण मुगाची डाळ ताटात पसरून, उजेडाकडे तोंड करून, त्यातला पोरकिडा चिमटीत न चिरडता बाजूला ठेवायचा कसा, हे ताट हातात घेतल्याशिवाय येत नाही. पाणी गाळताना गाळणं दुहेरी आहे ना, ते उलटवून त्याच पाण्याकडे परत जातं ना, हे बघायला हात ओले व्हावे लागतात. फ्लॉवरचा तुरा उलगडून बघणं, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही म्हणून आदल्या दिवशी कडधान्य भिजवणं, चातुर्मासात पालेभाजी बंद म्हणून डब्याला काय द्यायचं याचा विचार करणं, गॅस पेटवण्याआधी शेगडीवरून कापड फिरवणं. यात उपदेश कुठंच नाही, नजर तेवढी तयार होते. आपल्याकडे प्रमाद हा शब्द आहे. बेसावधपणा, बेफिकिरी. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना हा प्रमादच मुळाशी धरला आहे. मग सावधपणा शिकवायची जी एक जागा रोज हाताशी आहे, तिथून मुलांना दोन-चार वर्षं रजा देऊन आपण काय मिळवतो?

माझी नात जीवशास्त्रात आर्थ्रोपोडाची लक्षणं घडाघडा सांगते. पहिल्या दिवशी तांदळात किडा दिसला तेव्हा किंचाळून ताट सोडून उठली. मी हसले नाही. ताट पुन्हा तिच्या मांडीवर ठेवलं.

आणि पुढचा हिशेब करा. बारावी झाली की ही मुलं पुण्याला जातात, बंगळूरला जातात. सतराव्या वर्षापर्यंत जिने कधी विचारलंच नाही की या ग्रेव्हीत काय आहे, हे पाणी कुठलं, ती मेसमध्ये एकदम कशी विचारेल? मग दिवाळीला घरी आल्यावर आपण म्हणायचं, "हॉस्टेलने पोरगी बिघडवली." हॉस्टेलला बिघडवायला तुम्ही काही दिलंच नव्हतं.

यावर माझा मुलगाच माझ्याशी भांडला. "आई, एवढं वर्ष जाऊ दे. तुला माहीत नाही आता स्पर्धा किती आहे." मी म्हटलं, बाळा, १९९७ साली तुझं दहावीचं वर्ष मी जाऊ दिलं नव्हतं. हे महाराज तेव्हा रोज सकाळी पाणी गाळून मग शाळेत जायचे, आणि रविवारी माझ्याबरोबर धान्य निवडायला बसायचे. शेजारच्या काकू मला सावत्र आई म्हणायच्या. आजही घरातलं सकाळचं पाणी तोच गाळतो, न सांगता, आणि सूनबाई त्या एका गोष्टीसाठी मला वर्षातून दोनदा तरी धन्यवाद देते. तो गप्प झाला. पटलं म्हणून की चहा निवत होता म्हणून, कोण जाणे.

स्पर्धा खोटी आहे असं मी म्हणत नाही. सीईटी, नीट, जेईई, एकेका मार्कावर शेकडो मुलं, हे मला दिसतं. पण अभ्यास आणि अंगमेहनत यांचं वैर असतं हे कुणी ठरवलं? आपल्याच समाजातले कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली कुंभोजला जन्मले, १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं साताऱ्याला वसतिगृह चालवलं. तिथली मुलं राबत होती आणि शिकत होती. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. पण त्याच मुलांना कुणी पाटावर बसवून नुसतं वाढलं नाही. कर्मवीरांच्या जयंतीला आपण फोटोला हार घालतो आणि घरी येऊन पोराची पाण्याची बाटलीसुद्धा भरून देतो.

माझ्या वयाच्या बायकांनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. "आजकालच्या सुनांना मुलांना वळण लावायला वेळ नाही" असं कट्ट्यावर म्हणणाऱ्या आपणच नातवाच्या हातातलं ताट काढून घेतो. "राहू दे रे राजा, मी ठेवते." नातीला मात्र लगेच आठवण करून देतो की उद्या सासरी जायचंय. म्हणजे काम शिकायचं ते सासरसाठी? पोरीला स्वतःचं पोट नाही? आमच्या घरी याद्या लावल्या तेव्हा नातवाच्या वाट्याला चाळीस मिनिटं आणि नातीच्या वाट्यालाही चाळीसच. नात पाणी भरते, डाळ-तांदूळ निवडते, आपला डबा आपण भरते. नातू आपले कपडे धुतो, ताटं मांडतो, जेवणानंतर सगळ्यांची ताटं उचलून घासायला ठेवतो. सुरुवातीला त्याने तोंड वाकडं केलं. अजूनही अधूनमधून करतो, पण ताटं उचलतो.

नातीचे मार्क यामुळे वाढले असं मी लिहिणार नाही. एका चाचणीत चौदा कमी आले, पुढच्या चाचणीत नऊ वाढले. सूनबाई आता साडेदहाला झोपते. तिचा गुडघा दुखायचा तो दुखतोच, पण रविवारी दुपारी ती तास-दीड तास आडवी झालेली मी तीन वर्षांत पहिल्यांदा पाहिली.

राहिला प्रश्न संध्याकाळच्या जेवणाचा. नातीचा क्लास साडेचार ते साडेआठ. सांगलीत नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. म्हणजे उन्हाळा असो की थंडी, सूर्यास्त क्लासमध्येच. दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांतही चाचण्या लावलेल्या. बहुतेक घरांनी मुकाट्याने मानलं की दोन वर्षं रात्रीभोजनाचा नियम बाजूला. नियम ज्यांनी घेतलेला नाही त्यांच्यावर माझी जबरदस्ती नाही. पण माझ्या नातीने तो नववीत स्वतःहून घेतला होता, महाराजांसमोर. तो तिच्या वेळापत्रकाने परस्पर मोडावा आणि घरातल्या कुणी त्याबद्दल तोंडही उघडू नये, हे मला सहन झालं नाही.

आम्ही सात जणी क्लासच्या ऑफिसात गेलो. आमच्यातल्या पाच जैन, एक लिंगायत आणि एक मुसलमान. त्या बाईंच्या मुलाला आदल्या रमजानात रोजा सोडायला दोन तासांच्या मधे जिन्यात उभं राहून खजूर खावा लागला होता. मागणी एवढीच, साडेपाचला पंधरा मिनिटं सुट्टी आणि बसून डबा खायला एक खोली. उत्तर मिळालं, "लय तुटते." मी केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत बरोबर नेली होती. कोचिंगचे वर्ग दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नकोत, पहाटे फार लवकर आणि संध्याकाळी फार उशिरा नकोत, आठवड्याला एक सुट्टी हवी, असं त्यात आहे. ती वाचून झाल्यावर लय तुटेनाशी झाली.

आता साडेपाचला घंटा होते. पहिल्या आठवड्यात डबे उघडणारी नऊ मुलं होती, आता तीसच्या वर आहेत, आणि त्यातली बरीचशी जैन नाहीत, त्यांना नुसती भूक लागलेली असते. डबा नात स्वतः भरते. ज्वारीची भाकरी, मटकी, कधी दशमी. परवा तिने मटकीत मीठच घातलं नव्हतं, तशीच खाऊन आली आणि आल्यावर स्वतःच सांगितलं.

आम्ही दिलेल्या अर्जाची नक्कल माझ्याजवळ आहे. तुमच्या गावातल्या क्लाससाठी हवी असेल तर नाव आणि वेळ तेवढी बदलायची. जाताना मात्र एकटीने जाऊ नका, पाच-सहा जणी मिळून जा, आणि शक्य झालं तर एखादा बापही बरोबर न्या.