एक विद्यार्थी पुरेसा

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडल्या की आमच्या खोलीबाहेर पालकांची रीघ लागते. कुणाला तुकडी बदलून हवी असते, कुणाला विषय. यंदा मात्र एक गृहस्थ निराळीच तक्रार घेऊन आले. कन्येची गणिताची वही त्यांनी आमच्या मेजावर ठेवली आणि मागची पाने उघडली. पानेच्या पाने अनोळखी अक्षरांनी भरलेली!

"सर, हे जपानी आहे म्हणे. मोबाईलवर तिकडच्या व्यंगचित्रमालिका पाहून हिने हा नाद लावून घेतला. याचा पुढे उपयोग तो काय?"

मुलगी दहावीतली. खाली मान घालून उभी होती. आम्ही वही जवळ ओढली. प्रत्येक अक्षराखाली तिने देवनागरीत उच्चार लिहिले होते : अ, इ, उ, ए, ओ, पुढे क, स, त, न. हा क्रम आम्हांस परका वाटेना, आणि तो परका नाहीच. संस्कृत वर्णांचा अभ्यास करणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून आपल्या वर्णमालेच्या मांडणीची छाया त्या लिपीच्या क्रमावर पडली आहे. हे ऐकून वडील जरा निवळले. परंतु उपयोगाचा प्रश्न उरलाच. त्या दिवशी घाईत दिलेले आमचे उत्तर अपुरे होते. ते येथे पुरे करावे म्हणतो.

डोनाल्ड कीन यांचा जन्म १९२२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. सोळाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वर्गात शेजारी बसणाऱ्या एका चिनी मित्राकडून जेवणाच्या वेळी चार-दोन चिनी अक्षरे शिकणे, एवढाच त्यांचा नाद. १९४० साली टाइम्स स्क्वेअरमधील एका पुस्तकांच्या दुकानात 'गेंजीची कथा' या जपानी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाचे दोन खंड अवघ्या ४९ सेंटांना विकावयास ठेवलेले त्यांना दिसले. एवढी पाने एवढ्या स्वस्तात मिळतात, म्हणून त्यांनी ते घेतले. युरोपात त्या वेळी युद्ध पेटले होते. रोजच्या वर्तमानपत्राने खिन्न झालेल्या त्या तरुणाला मुरासाकी शिकिबु या दरबारी स्त्रीने अकराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे आपल्या लीळाचरित्राच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधी, उभे केलेले ते सौंदर्याचे जग आसऱ्यासारखे वाटले.

त्या अनुवादाचे कर्ते आर्थर वेली हेही हौशीच! १९१३ साली ते ब्रिटिश म्युझियममध्ये पौर्वात्य चित्रांच्या विभागात लागले आणि तेथील कामाच्या ओघात चिनी व जपानी स्वतःच शिकले. जपानला ते उभ्या आयुष्यात एकदाही गेले नाहीत.

१९४१ च्या उन्हाळ्यात कीन एका परिचिताच्या डोंगरातील घरी राहून जपानीचे प्राथमिक धडे शिकले. शरद ऋतूत त्यांनी विद्यापीठात जपानी विचारांच्या इतिहासाच्या वर्गात नाव घातले. शिकवणारे होते र्‍युसाकु त्सुनोदा. पाहतात तो वर्गात दुसरा विद्यार्थीच नाही! एकट्यासाठी गुरुजींना कशाला शिणवावे, म्हणून कीन वर्ग सोडावयास निघाले. एक विद्यार्थी पुरेसा आहे, असे सांगून त्सुनोदांनी त्यांना ठेवून घेतले. वर्गापूर्वी ते फळा टिपणांनी भरून ठेवीत आणि शिष्याने काही विचारलेच तर असावीत म्हणून पुस्तकांची चळत घेऊन येत. एका विद्यार्थ्यासाठी एवढी तयारी!

त्याच वर्षी डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्सुनोदांना काही काळ अटकेत राहावे लागले. कीन नौदलाच्या भाषाशाळेत गेले आणि पुढे मृत जपानी सैनिकांच्या रोजनिश्या वाचण्याचे काम त्यांच्याकडे आले. ज्यांना शत्रू म्हणावयाचे, त्यांची घरची आठवण आणि मरणाचे भय ते वाचीत होते. युद्ध संपल्यावर ते पुन्हा त्सुनोदांपाशीच शिकावयास आले. पुढे त्यांनी त्याच विद्यापीठात पन्नासहून अधिक वर्षे जपानी साहित्य शिकवले आणि जपानी वाङ्मयाचा विस्तृत इतिहास लिहिला. २०११ च्या भूकंपानंतर, परदेशी माणसे जपान सोडून जात असता, त्यांनी तेथेच राहण्याचे ठरविले. २०१२ साली ते जपानचे नागरिक झाले आणि २०१९ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, तेथेच वारले.

प्रत्येक वहीच्या मागच्या पानांतून विद्वान निपजत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि कोणत्या वहीतून निपजेल, हेही आधी कुणास कळत नाही. नादाचा अभ्यास व्हावयास एक पुस्तक, एक सोबती आणि एक गुरू लागतो. पहिली दोन कीन यांना योगायोगाने लाभली. तिसऱ्याने मात्र त्यांना जाणीवपूर्वक थांबवून घेतले.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी शनिवारी शाळा सुटल्यावर मराठीचा वर्ग घ्यावा, असे आम्ही योजिले होते. हिंदीच्या या मुलखात घरची भाषा लिहिता-वाचता यावी, एवढाच हेतू. नाव एकाच मुलाचे आले. "संख्या होत नाही, बाळ," असे म्हणून आम्ही त्याला परत पाठवले. तो "बरं, सर" म्हणून निघून गेला आणि पुन्हा कधी विचारावयास आला नाही. मराठीत एम. ए. केलेल्या माणसाने हे करावे!

वडिलांना आम्ही सांगितले की दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत जपानीचे रीतसर शिक्षण मिळते. दहावीनंतर पाहता येईल. कन्येला सांगितले, गणिताची वही गणितासाठी ठेव आणि जपानीसाठी वेगळी कर.

आणि शनिवारचा वर्ग या महिन्यापासून भरणार आहे. आजवर एकच नाव आले आहे. फळा आम्ही आधीच लिहून ठेवणार आहोत.