तेल खाणाऱ्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो

गाडीचे ऑइल बदलले की निघणारे काळे, जळके ऑइल जाते कुठे? गाडीमालक हा प्रश्न सहसा विचारत नाहीत. जालन्यात ते गॅरेजमागच्या नालीत ओतले, तर पावसाच्या पाण्याबरोबर कुंडलिकेच्या काठच्या चिखलात जाऊन बसते. माती सगळे पचवते, अशी आपली समजूत. ती निम्मीच खरी आहे.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळच्या समुद्रात 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल समुद्रात सांडले आणि खारफुटीच्या दलदलीपर्यंत पोहोचले. वाळूवरचे तेल खरवडून उचलता येते. मुळांच्या जाळ्यात मुरलेले कसे काढणार? तेथे खरी भिस्त मातीतल्या जिवाणूंवरच असते.

तेल पडताच या सूक्ष्म जगात उलथापालथ होते. अनेक जाती मागे पडतात, तर तेलातील कर्ब हेच ज्यांचे अन्न, अशा एरवी मूठभर असणाऱ्या जाती झपाट्याने वाढतात. तेलातले सोपे, साखळीसारखे रेणू त्या आधी संपवतात. कड्यांचे रेणू आणि डांबरासारखा जड भाग मात्र मागे राहतो.

या पचनाला प्राणवायू लागतो, शिवाय नत्र आणि स्फुरदही. दलदलीत पाणी साचलेले असल्याने प्राणवायू वरच्या काही मिलिमीटर थरात आणि मुळांभोवतीच पोहोचतो. त्याखाली प्राणवायूविना जगणारे जिवाणू काम करतात, पण फार संथपणे. म्हणून खोल गेलेले तेल वर्षानुवर्षे तसेच राहू शकते.

मग चिखलच उपसून टाकावा का? १९७८ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर 'अमोको कॅडिझ' जहाज फुटून दोन लाख टनांहून अधिक तेल सांडले. तेथील एका दलदलीत यंत्रांनी माती खरवडून काढली. पुढे दिसले ते उलटेच: जिथे हात लावला नाही, त्या दलदली लवकर सावरल्या. उपचार रोगापेक्षा जड झाला.

बाहेरून जिवाणू आणून टाकण्याचा मार्गही आहे. 'टेरी' संस्थेने त्यासाठी 'ऑइलझॅपर' हे मिश्रण तयार केले आहे. पण प्राणवायूच नसेल, तर पाहुण्या जिवाणूंचीही स्थानिकांसारखीच अडचण होते. शिवाय जळक्या ऑइलमध्ये झिजलेल्या इंजिनाचे धातू असतात. जिवाणू तेल मोडू शकतात, धातू संपवू शकत नाहीत. त्यातील काही कडीदार संयुगे कर्करोगाला कारण ठरू शकतात. हे ऑइल रोज उघड्या हातांनी हाताळणाऱ्या कामगारांना त्वचेचे विकार होतात, ते वेगळेच.

वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. पण दोन-चार लिटरसाठी लहान गॅरेजवाला कुठे हेलपाटे घालणार? नगरपालिका आणि महापालिकांनी वस्तीनिहाय संकलनाचे पिंप ठेवावेत आणि ते ठरलेल्या दिवशी उचलावेत. ग्राहकानेही ऑइल बदलताना 'जुने कुठे टाकता?' एवढे विचारावे. जिवाणू आपले काम इमानाने करतात. म्हणून त्यांच्या डोक्यावर आपली घाण ओतत राहणे शहाणपणाचे नाही.